पाचशेची एसआयपी ते पाच गुंठे: पैसे टाकायच्या आधीची तयारी

आपल्या सोलापुरात एक गंमत आहे बघा. पाचशे रुपयांची एसआयपी (म्युच्युअल फंडात दर महिन्याला ठरलेली रक्कम टाकणं) चालू करायची म्हटलं की माणूस सहा महिने दहा जणांना विचारत फिरतो, आणि तोच माणूस रविवारी सकाळी कुणी गाडीत घालून साइट दाखवायला नेलं की दुपारी जेवून परत येताना पन्नास हजार टोकन देऊन मोकळा होतो. खरं तर उलटं पाहिजे. फंड पटला नाही तर विकून दोन-तीन कामाच्या दिवसांत पैसे खात्यावर येतात, जमीन पटली नाही तर गिऱ्हाईक शोधण्यातच वर्ष जातं आणि कागदात घोळ निघाला तर मग तारखांवर तारखा. ज्यातून बाहेर पडायला जास्त वेळ लागतो त्याची तयारी जास्त, या एकाच हिशोबाने ही यादी लिहायलोय, त्यामुळे फंडाचा भाग लवकर संपेल आणि जमिनीचा लांबेल, कंटाळा आला तरी तो वाचा.

आधी जे पैसे कुठंच गुंतवायचे नाहीत ते बाजूला काढा. घरखर्च, भाडं, पोरांची फी, हप्ते असा महिन्याचा खरा आकडा वहीत लिहायचा (अंदाजे नको, तीन महिन्यांचं पासबुक घेऊन बसा) आणि त्याच्या सहापट रक्कम बँकेत एफडी करून ठेवायची, मोडता येईल अशी. पगार पक्का नसेल, म्हणजे लूमवर काम आहे, दुकान आहे, कारखान्याच्या उसाच्या बिलावर घर चाललंय, तर सहाच्या जागी नऊ-दहा महिने धरा. ही रक्कम बँकेतच ठेवा, अर्धा टक्का व्याज जास्त मिळतंय म्हणून पतसंस्थेत नको. कारण बँक अडचणीत आली तर एका खातेदाराला एका बँकेत व्याजासकट 5 लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँक असली तरी आहे, पण पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नाही. पतसंस्था आणि सहकारी बँक यातला फरक पाटीवरच्या नावात बारीक अक्षरात असतो, तो वाचायचा. भिशीचं म्हणाल तर ओळखीच्या बायकांची, गल्लीतली असेल तर सवय म्हणून ठीक आहे, पण तिला गुंतवणूक म्हणू नका, कागद काहीच नसतो आणि एक जण पळाला की बाकीचे एकमेकांची तोंडं बघत बसतात.

मग कर्ज. शेकडा तीन रुपयांनी उचललेले पैसे म्हणजे वर्षाला 36 टक्के, क्रेडिट कार्डाची थकबाकी पण साधारण त्याच्या आसपास जाते. हे डोक्यावर असताना 12 टक्क्याची आशा धरून एसआयपी करणं म्हणजे गळक्या हौदात पाणी भरणं. आधी ते फेडा. घरकर्ज वेगळं, त्याचं चालू द्या. आणि घरात तुमच्या कमाईवर कुणी अवलंबून असेल तर टर्म इन्शुरन्स (कमावता माणूस गेला तरच घराला पैसे देणारा विमा) आणि सगळ्या घराचा हेल्थ इन्शुरन्स, हे दोन आधी. एजंट ओळखीचा आहे, मामांचा मित्र आहे म्हणून पैसे परत मिळणारी पॉलिसी गळ्यात पडते, तिथं प्रेमाने पण ठाम नाही म्हणायचं, विमा विम्याच्या जागी.

आता फंडाची कागदपत्रं. पॅन, पॅनला जोडलेलं आधार, स्वतःच्या नावाचं बँक खातं, स्वतःचाच मोबाइल नंबर आणि ईमेल, एजंटचा नको. इथं आपल्याकडे हमखास अडतं ते नावाच्या स्पेलिंगवर. शहराच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांत तेलुगू आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग आधारवर एक, पॅनवर दुसरं आणि बँकेत तिसरंच असतं, कुठं एक डी कुठं दोन डी, आणि केवायसी तिथंच लटकते. ते आधी एकसारखं करून घ्या, त्यात महिना गेला तरी चालेल. नॉमिनी टाकाच, आणि नॉमिनी म्हणजे मालक नाही हे पण घरात सांगून ठेवा, तो पैसे ताब्यात घेतो, हक्क वारसांचाच राहतो.

इंडेक्स फंड म्हणजे फार काही नाही, निफ्टी 50 या शेअर बाजाराच्या निर्देशांकातल्या 50 कंपन्या ज्या प्रमाणात निर्देशांकात आहेत त्याच प्रमाणात फंड घेतो, कुणी हुशार मॅनेजर शेअर निवडत नाही, म्हणून खर्च कमी. ॲपमध्ये एकाच फंडाची चार नावं दिसतील आणि तिथं नवा माणूस गोंधळतो. नावात डायरेक्ट (मधला एजंट नाही) आणि ग्रोथ (नफा वाटून न देता फंडातच राहतो) हे दोन शब्द आहेत का ते बघा. रेग्युलर लिहिलं असेल तर मधल्या माणसाचं कमिशन दरवर्षी तुमच्या पैशातून जातंय, डायरेक्ट प्लॅन 2013 पासून आहेत तरी अजून निम्म्या लोकांना सांगावं लागतं. याचा फरक किती पडतो ते एकदा कागदावर करून बघा: महिना 5,000, वीस वर्षं, वर्षाला 12 टक्के धरले तर साधारण 50 लाख होतात, 11 टक्के धरले तर 43 लाख 70 हजाराच्या आसपास. तुम्ही टाकलेले तेच 12 लाख, मधला एक टक्का सहा लाख खाऊन गेला. (12 टक्के मिळतीलच असं कुणी लिहून देत नाही, हा फक्त हिशोब.) कुणी जाणकार हाताशी लागतोच असं वाटत असेल तर रेग्युलर घ्या, पाप नाही, पण त्या माणसाने बाजार पडल्यावर फोन उचलला पाहिजे.

पडतो तर पडतोच. 2020 च्या जानेवारीत निफ्टी 12,300 च्या वर होता आणि 23 मार्चला 7,610 वर बंद झाला, नोव्हेंबरपर्यंत परत पहिल्या जागी आला म्हणून लोक ते विसरले. पण प्रत्येक वेळी इतक्या लवकर येतोच असं नाही. 2008 च्या जानेवारीत सेन्सेक्स 21,000 ला शिवला, ऑक्टोबरात 8,000 च्या खाली गेला आणि तो 21,000 चा आकडा परत बघायला 2010 ची दिवाळी उजाडली, आणि तिथंही टिकला नाही. म्हणजे तयारी कसली करायची तर सात वर्षांच्या आत लागणारे पैसे, पोरीचं लग्न, कॉलेजची फी, यात टाकायचेच नाहीत. तेवढं एक पाळलं तर फंड कुठल्या कंपनीचा घेतला याने फारसा फरक पडत नाही, खर्च कमी असलेला घ्या आणि ॲप रोज उघडू नका. एसआयपीची तारीख पगारानंतर दोन-तीन दिवसांची ठेवा, खात्यात पैसे नसले तर बँक दंड लावते. ज्यांचं उत्पन्न उसाच्या बिलावर आहे त्यांनी महिन्याच्या एसआयपीच्या भानगडीत न पडता बिल आलं की एकरकमी टाकलं तरी चालतंय, बिल कधी येणार ते कारखान्याला पण माहीत नसतं. विकताना वर्षभरापेक्षा जास्त ठेवलं असेल तर आर्थिक वर्षात 1.25 लाखापर्यंतच्या नफ्यावर टॅक्स नाही, त्यावर 12.5 टक्के, वर्षाच्या आत विकलं तर 20 टक्के.

पीपीएफ, म्हणजे सरकारची लांब मुदतीची बचत योजना: पोस्टात किंवा बँकेत खातं, वर्षाला 500 ते दीड लाख, 15 वर्षं, व्याज 2020 च्या एप्रिलपासून 7.1 टक्क्यावर आहे आणि ते टॅक्स फ्री. महिन्याच्या 5 तारखेच्या आत भरा, नाहीतर त्या महिन्याचं व्याज त्या रकमेवर मिळत नाही. सोनं: अंगावर घालायला घ्यायचं तर हौसेने घ्या, पण मजुरी आणि 3 टक्के जीएसटी परत येत नाही हे धरूनच. सरकारी गोल्ड बाँडचे नवे हप्ते 2024 च्या फेब्रुवारीनंतर निघालेले नाहीत, गोल्ड ईटीएफ (शेअरसारखं बाजारात घेता-विकता येणारं सोनं) आहे. ऑप्शन ट्रेडिंग आणि टेलिग्रामवरच्या टिपा: शेअर बाजारावर लक्ष ठेवणाऱ्या सेबीनेच हिशोब काढला, 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत एफ अँड ओ (फ्युचर्स आणि ऑप्शन) करणाऱ्या दर शंभरातल्या 93 जणांनी पैसे घालवले, सगळे मिळून 1.8 लाख कोटींच्या वर. यासाठी तयारी करायचीच नाही, त्या वाटेला जायचं नाही. सल्ला देणारा कुणी भेटला तर सेबीचा आयएनए ने सुरू होणारा नंबर मागा, म्हणजे कळतंय.

आता जमीन. मी जमिनीच्या विरोधात नाही, हे आधीच सांगतो, नाहीतर म्हणतील हा शेअरवाला. पण "आमच्या काकांनी घेतलेला प्लॉट दहा वर्षांत डबल झाला" हे वाक्य ऐकलं की तिथंच मोबाइलवर हिशोब करा. दहा वर्षांत डबल म्हणजे वर्षाला 7.2 टक्क्याच्या आसपास. त्यात घेताना स्टँप ड्युटी आणि रजिस्ट्रेशन मिळून सहा-सात टक्के गेले, विकताना एजंटचे एक-दोन टक्के, म्हणजे हातात सहा टक्के, घरबसल्या मिळणाऱ्या पीपीएफपेक्षा कमी. काही प्लॉट चौपट पण होतात, होत नाहीत असं नाही, पण ते काका सांगतात, अडकलेले काका गप्प बसतात.

साइट व्हिजिट कशी असते ते सगळ्यांना माहीतच आहे. शहराबाहेर माळावर चुन्याच्या रेषा मारलेल्या, कमान उभी केलेली, मंडपात पाव-भाजी नाहीतर शेंगाची चटणी-भाकरीचं जेवण, आणि एक पोरगा सांगत असतो की इथून हायवे जाणार, तिकडून विमानतळ. बोरामणीच्या विमानतळाच्या नावाने लोक किती वर्षं स्वप्नं बघायलेत, आणि 2025 मध्ये विमानं सुरू झाली ती होटगी रोडच्या जुन्या विमानतळावरूनच. होणाऱ्या गोष्टीचा भाव आज द्यायचा नाही. त्या पोराला तीनच प्रश्न विचारा: पाणी कुठून येतं, कारण आपल्याकडे शहरातच रोज नळाला पाणी येत नाही तर माळावर काय येणार, रस्ता कुणाच्या सातबाऱ्यावर आहे, आणि महारेराचा (बांधकाम आणि प्लॉटिंगच्या प्रकल्पांची नोंद ठेवणारी सरकारी संस्था) नंबर काय. 500 चौरस मीटरच्या वरची जागा आणि आठपेक्षा जास्त प्लॉट असं दोन्ही असलं की महारेरात नोंद लागते, नंबर मिळाला की घरी येऊन महारेराच्या वेबसाइटवर टाकून बघायचा. त्या दिवशी टोकन द्यायचं नाही, काय वाट्टेल ते म्हणू द्या, "आज संध्याकाळी भाव वाढणार" हे दर रविवारी असतंय.

घरी आलं की सातबारा काढायचा, 15 रुपयांत डिजिटल सही असलेला ऑनलाइन मिळतो, विकणाऱ्याने दिलेल्या झेरॉक्सवर जायचं नाही. आधी भोगवटादार वर्ग बघा. वर्ग 1 असेल तर पुढं वाचा, वर्ग 2 असेल, म्हणजे वतन, इनाम, सरकारने दिलेली वगैरे, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय व्यवहारच नाही, तिथंच फाइल बंद केलेली बरी. मग उजव्या बाजूचा इतर हक्काचा रकाना, हा सगळ्यात महत्त्वाचा आणि कुणी वाचत नाही. सोसायटीच्या कर्जाचा बोजा, बँकेचा बोजा, कुळाचं नाव, विहिरीतला हिस्सा, भूसंपादनाची नोंद, कोर्टाचा मनाई हुकूम, सगळं तिथं असतं. नावांच्या रकान्यात चार भावांची नावं असून बहिणींचं एकही नसेल तर जुना वारस फेरफार काढून बघा, बहिणींनी हक्कसोड पत्र रजिस्टर करून दिलंय का. नसेल तर प्रत्येक बहिणीची सही पाहिजे. "ताई काही म्हणणार नाहीत" असं विकणारा म्हणतो, ताई म्हणत नाहीत पण भाचे म्हणतात.

शेतजमीन घ्यायची असेल तर तुम्ही स्वतः शेतकरी असल्याचा पुरावा, म्हणजे घरातला एखादा सातबारा आपल्या नावाचा, लागतो, नोकरदार माणूस उठून महाराष्ट्रात शेत घेऊ शकत नाही. आणि तुकडेबंदी: जिरायत 20 गुंठे आणि बागायत 10 गुंठे, याच्या आतला तुकडा रजिस्टर होत नाही. शहरी भागासाठी यात सूट द्यायचं सरकारने 2025 मध्ये जाहीर केलंय, पण आपला गट त्यात बसतो का ते दुय्यम निबंधक कार्यालयात जाऊन स्वतः विचारा, एजंटचं ऐकून नाही. रजिस्टर होत नाही म्हणून पाचशेच्या स्टँपवर नोटरी करून गुंठा-दोन गुंठे विकतात, आपल्याकडे अशा वस्त्याच्या वस्त्या आहेत. नोटरीने मालकी येत नाही. लोन मिळत नाही, बांधकाम परवाना मिळत नाही, विकताना परत नोटरीवाला गिऱ्हाईकच शोधावा लागतो.

प्लॉट असेल तर एनए (बिगरशेती) ऑर्डर, मंजूर लेआउट आणि नगररचनेचा झोन दाखला. वकील आपला लावायचा, विकणाऱ्याचा नको, आणि 30 वर्षांचा सर्च (जुन्या व्यवहारांच्या नोंदींचा शोध) घ्यायचा. फीला चार-पाच हजार जास्त गेले तरी जाऊ द्या. पेपरात जाहीर नोटीस द्यायला लावा, कुणाची हरकत असेल तर आत्ताच येऊ दे. सरकारी मोजणी करून हद्दी कायम करून घ्या, कागदावर पाच गुंठे आणि जागेवर साडेचार हे फार कॉमन आहे, आणि मोजणीच्या दिवशी शेजारचे शेतकरी काय बोलतात ते कान देऊन ऐका, त्यांना सगळं माहीत असतं. एक सोपी चाचणी पण आहे, बँकेत जाऊन या प्लॉटवर लोन मिळेल का म्हणून विचारा. लोन घ्यायचं नसलं तरी विचारा. नाही म्हणाले तर का ते कळेपर्यंत पुढं जायचं नाही. पैसे चेकने किंवा आरटीजीएसनेच, जमिनीच्या व्यवहारात 20 हजार किंवा त्यावर रोख घेणं-देणं कायद्यातच बसत नाही, आणि "अर्धे ब्लॅक" म्हणणाऱ्याला हे सांगून बघा चेहरा कसा होतो.

खरेदीखत झालं की लोक पेढे वाटून मोकळे होतात, पण काम राहिलेलं असतं. तलाठ्याकडे फेरफाराची नोंद पडते, नोटिशीची 15 दिवसांची मुदत जाते, मग मंडळ अधिकारी मंजूर करतात, आणि त्यानंतरच सातबाऱ्यावर आपलं नाव चढतं. आपोआप होतं म्हणून बसू नका, महिन्याने ऑनलाइन बघा, नसेल तर जाऊन विचारा. नाव आलं की आठवडाभरात चारी कोपऱ्याला दगड किंवा अँगल रोवून तारेचं कुंपण करा, आपल्या नावाचा बोर्ड लावा, फोटो काढून ठेवा. आणि पुण्यात नोकरीला असलेल्यांनी गड्ड्याच्या यात्रेला गावी आलं की एक चक्कर प्लॉटवर मारायची आणि तेव्हाच नवा सातबारा काढून जुन्याशी ताडून बघायचा.