योम किप्पुरची तयारी: तेशुवा कशी करावी

ज्यू पंचांगातला एलूल महिना लागला की ज्यू माणूस वर्षाचा हिशेब काढायला बसतो. पुढे तिश्री महिन्याच्या १ तारखेला रोश हशाना, म्हणजे नवं वर्ष, आणि १० तारखेला योम किप्पुर, प्रायश्चित्ताचा दिवस. २०२६ मध्ये तो २० सप्टेंबरच्या सूर्यास्ताला सुरू होऊन २१ तारखेला चांदण्या दिसल्यावर संपतो. कोकणातले बेने इस्राएल, म्हणजे मराठी बोलणारे ज्यू, पूर्वी याला दरफळणीचा सण म्हणत. पांढरे कपडे घालायचे, दारं लावून घ्यायची आणि दिवसभर उपास करायचा. पण खरं काम दार लावण्याआधीचं आहे. त्याला तेशुवा म्हणतात: चुकलेल्या वाटेवरून मागे फिरणं.

आधी पाया पक्का करा. ज्यू श्रद्धेनुसार माणूस जन्मतः पापी नाही. रोज सकाळच्या प्रार्थनेत म्हटलं जातं, "देवा, तू मला दिलेला आत्मा निर्मळ आहे." माणसात दोन ओढी असतात, येत्सेर हातोव आणि येत्सेर हारा, चांगल्याकडे आणि वाईटाकडे. यातली दुसरी मुळापासून उपटून टाका, असं मात्र कोणी सांगत नाही. जुने रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, म्हणतात की ती नसती तर कोणी घर बांधलं नसतं, लग्न केलं नसतं, व्यापार केला नसता. तिला लगाम घालायचा आणि तो माणसाच्याच हातात आहे. "सगळं देवाच्या हाती, फक्त देवाचं भय बाळगणं नाही," असं तालमूदमध्ये, म्हणजे रब्बींच्या चर्चांच्या ग्रंथात, म्हटलं आहे. म्हणून "माझा स्वभावच असा" ही सबब तेशुवेत चालत नाही. देव एक आहे, निराकार आहे आणि त्याच्यापर्यंत जायला मध्यस्थ लागत नाही. कबुली थेट त्याच्याकडेच द्यायची.

यादी करा, दोन रकान्यांत

एका रकान्यात देवाशी संबंधित चुका: शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विसाव्याचा दिवस, मोडला, खोटी शपथ घेतली, प्रार्थना टाळली. दुसऱ्यात माणसांशी संबंधित: कोणाचे पैसे बुडवले, कोणाला चारचौघांत अपमानित केलं, कोणाबद्दल मागे वाईट बोललात. "मी यंदा जरा तापट वागलो" असं मोघम लिहू नका. कोणाला, काय, कधी, एवढं हवंच. ही विभागणी का, याचं उत्तर मिशनामध्ये, म्हणजे तालमूदच्या मूळ संहितेत, आहे: माणूस आणि देव यांच्यातले अपराध योम किप्पुर धुतो, माणसामाणसांतले अपराध समोरच्याची समजूत काढेपर्यंत धुतले जात नाहीत. बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. दिवसभर उपाशी राहून देवाची माफी मागणं सोपं वाटतं आणि ज्या भावाशी अबोला आहे त्याच्या दारात जाणं अवघड. तरी दुसऱ्या रकान्यापासूनच सुरुवात करा.

आधी भरपाई, मग माफी

पैसे घेतले असतील तर आधी परत करा. तो माणूस वारला असेल तर त्याच्या वारसांना द्या. दुकानदाराने वर्षभर मापात मारलं असेल आणि गिऱ्हाइकं आठवत नसतील, तर? ज्यांना ओळखतो त्यांचं त्यांना परत द्यायचं आणि उरलेल्या रकमेतून सगळ्यांच्या उपयोगाचं काम करायचं. तालमूदमध्ये विहिरी आणि पाण्याची टाकी अशी उदाहरणं दिली आहेत, कारण फसवलेला माणूसही कधीतरी तिथे पाणी पिईल.

मग माफी मागा. निरोप पाठवून किंवा "कळत-नकळत काही चुकलं असेल तर" असं सगळ्यांना एकच वाक्य पाठवून भागवू नका. काय चुकलं ते सांगा. मायमोनिडीज या मध्ययुगीन ज्यू धर्मशास्त्रकाराने (११३८–१२०४) पद्धत घालून दिली आहे. समोरच्याने नकार दिला तर तीन जणांना बरोबर घेऊन जा, गरज पडल्यास दुसऱ्यांदा आणि तिसऱ्यांदाही. तरीही तो बधला नाही तर तुमची जबाबदारी संपते. गुरू असेल तर मात्र हजार वेळाही जायचं. दुखावलेली व्यक्ती हयात नसेल तर दहा जणांसह तिच्या कबरीपाशी जाऊन कबुली द्यायची. आणि माफी मागितली जात असताना अडून बसणाऱ्यालाही नियम आहे: निर्दय होऊ नये.

चुगलीचं प्रकरण नाजूक आहे. ज्याच्याबद्दल बोललात त्याला ते ठाऊकच नसेल तर सांगावं का, यावर थोर रब्बींमध्येही मतभेद आहेत. आमच्या मते, सांगितल्याने त्याला नवी जखम होणार असेल तर तपशील उकरू नयेत. आपलं मन हलकं करण्यासाठी दुसऱ्याचं जड करणं ही माफी नव्हे.

विद्दुई, म्हणजे कबुली

नुसतं मनात वाईट वाटून चालत नाही, तोंडाने बोलावं लागतं. क्रम असा: चूक थांबवा, तिचं नाव घेऊन कबूल करा, पश्चात्ताप व्यक्त करा, पुन्हा करणार नाही असं ठरवा. यातलं पहिलं सुटलं तर बाकीचं वाया जातं. हातात मेलेला, म्हणजे अशुद्ध करणारा, सरडा धरून शुद्धीचं स्नान करणाऱ्याचा दाखला रब्बींनी यासाठीच दिला आहे. "पाप करीन, मग तेशुवा करीन" असा बेत आधीच आखणाऱ्याला तेशुवेची संधी मिळत नाही, हेही मिशनाच सांगते.

सेफार्दी (मूळ स्पेनकडच्या ज्यूंच्या) रीतीने चालणारे, त्यात बेने इस्राएलही आले, एलूल महिनाभर पहाटे सेलिहोत, म्हणजे क्षमायाचनेच्या प्रार्थना, म्हणतात. अश्केनाझी, म्हणजे मूळ मध्य आणि पूर्व युरोपातले ज्यू, रोश हशानाच्या आधीच्या काही दिवसांत सुरू करतात. योम किप्पुरच्या आदल्या दिवशी दुपारच्या प्रार्थनेत, शेवटच्या जेवणापूर्वीच, पहिली विद्दुई म्हणतात, कारण जेवताना काही बरंवाईट झालं तर कबुली राहून जायला नको. प्रार्थनेतली कबुली अनेकवचनी असते, "आम्ही अपराध केला", आणि प्रत्येक शब्दाला मुठीने छातीवर हलका ठोका देतात. तुमच्या यादीतल्या गोष्टी तिथेच हळू आवाजात, शेजाऱ्याला ऐकू जाणार नाही अशा, जोडा.

उपास

सुमारे २५ तास अन्न आणि पाणी दोन्ही बंद. शिवाय आंघोळ, तेल-अत्तर, चामड्याची पादत्राणं आणि शरीरसंबंधही वर्ज्य. चहा-कॉफीची सवय असेल तर तीन-चार दिवस आधीपासून कमी करत आणा, नाहीतर दुपारी डोकं ठणकतं आणि प्रार्थनेत लक्ष राहत नाही. शेवटच्या जेवणात खारट आणि तिखट टाळा, उपास सुरू होण्यापूर्वी दिवसभर पाणी थोडं थोडं पीत राहा.

मुलगी १२ आणि मुलगा १३ वर्षांचा होईपर्यंत उपास बंधनकारक नाही. बाळंतिणीने पहिले तीन दिवस उपास करूच नये. जिवाला धोका असेल तर खाणं हेच कर्तव्य आहे, आणि तिथे हट्टाने उपास करणं चूक. डॉक्टरांच्या सल्ल्याने अनेकदा थोडं थोडं खायला सांगतात: एका वेळी साधारण ३० मिलीपेक्षा कमी अन्न, मध्ये नऊ मिनिटांचं अंतर, नेमकं प्रमाण रब्बी आणि डॉक्टरांकडून आधीच ठरवून घ्या. डॉक्टर म्हणाले "गरज नाही" आणि रोगी म्हणाला "मला खायलाच हवं", तर रोग्याचं ऐकायचं. आधार शलमोनाच्या नीतिसूत्रांतला आहे: हृदयाला आपलं दुःख आपणच ठाऊक असतं.

पुढच्या वर्षी

नेईला ही योम किप्पुरची शेवटची प्रार्थना झाली, शोफार, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाचं रणशिंग, फुंकला, उपास सुटला. बेने इस्राएल दुसऱ्या दिवशी शिळा सण पाळत, गोरगरिबांना दान देत आणि एकमेकांकडे जात. यादी मात्र लगेच फाडून टाकू नका. मायमोनिडीजच्या मते तेशुवा पुरी झाली की नाही हे तीच वेळ पुन्हा आल्यावर कळतं: तोच मोह, तीच ताकद, आणि भीतीमुळे किंवा अशक्तपणामुळे नव्हे तर तेशुवेमुळे माणूस मागे हटतो. एकदा कबूल केलेली चूक पुढच्या योम किप्पुरलाही पुन्हा कबूल करायची, ती परत घडली नसली तरी.