एडिटला बसण्याआधी फुटेज कसं लावून घ्यायचं

दिग्दर्शक एडिटिंगला येऊन बसला की "सी००४७ लाव" असं कधीच म्हणत नाही. तो म्हणतो, "तो टेक लाव ना, आई डबा भरताना दाराकडे बघतच नाही तो." कॅमेऱ्याला क्लिपचे नंबर कळतात, माणसांच्या लक्षात प्रसंग राहतात. म्हणून फुटेज लावताना माझी कसोटी एकच असते: असा टेक मागितला की तो अर्ध्या मिनिटात पडद्यावर यायला हवा. आणि मी तापाने आडवी झाले, तर माझ्या जागी बसणाऱ्यालाही तो सापडायला हवा.

समजा बारा मिनिटांची फिल्म आहे. वाईजवळच्या एका जुन्या वाड्यात दोन दिवस शूट झालंय. सोनीचा मिररलेस कॅमेरा, आवाज वेगळा झूमच्या रेकॉर्डरवर, आणि घाईत घेतलेले दोन-चार शॉट मोबाईलवर. आपल्याकडच्या बहुतेक शॉर्ट फिल्मचं सामान एवढंच असतं.

कार्डातल्या क्लिप निवडून डेस्कटॉपवर ओढायच्या नाहीत. अख्खं कार्ड आतल्या फोल्डरांसकट जसंच्या तसं कॉपी करायचं. सोनीच्या कार्डात खऱ्या क्लिप 'प्रायव्हेट', मग 'एमफोररूट', मग 'क्लिप' अशा तीन दारांच्या आत असतात. सोबतच्या बारक्या एक्सएमएल फायली कचरा वाटतात, पण क्लिपची माहिती त्यांत असते. प्रत्येक कार्डाला स्वतःचं फोल्डर द्या, ए००१, ए००२ असं. याचं कारण, कार्ड बदललं की मोजणी पुन्हा सी०००१ पासून सुरू होऊ शकते. दोन कार्डं एकाच फोल्डरात ओतली की कॉम्प्युटर 'रिप्लेस करू का?' विचारतो, आणि रात्री दोन वाजता पेंगुळलेला असिस्टंट 'येस' दाबून मोकळा होतो. मूळ फायलींची नावंही कधीच बदलू नका. जी नावं द्यायची ती सॉफ्टवेअरच्या आत द्या. फोल्डरांची नावं रोमन लिपीत, स्पेसऐवजी अंडरस्कोअर घालून ठेवा. मराठी नावं दिसायला गोड दिसतात, पण दुसऱ्याच्या मशीनवर कधी काय होईल सांगता येत नाही.

कॉपी करताना पडताळणी करणारं साधन वापरा. विंडोजवर टेराकॉपी आहे, डाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या मीडिया पेजवर क्लोन टूल आहे. ही साधनं मूळ फाइल आणि कॉपी जुळवून बघतात. नुसता एकूण आकार सारखा दिसला म्हणजे कॉपी बरोबर झाली असं नाही. दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅटला द्यायचं नाही, प्रॉडक्शनवाला कितीही घाई करो. आणि त्या दोन डिस्क एकाच बॅगेत घालून एकाच एसटीने पाठवायच्या नाहीत. जागेचा हिशोब सोपा आहे: १०० एमबीपीएसने (सेकंदाला १०० मेगाबिट) शूट केलेलं फुटेज तासाला साधारण ४५ जीबी होतं.

आता फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ट्यूबलाइटखाली फ्लिकर (उजेडाची लुकलुक) टाळायला बरेच जण २५ फ्रेमवर शूट करतात. मोबाईल मात्र बहुधा ३० वर असतो आणि त्याचा रेट चालू शॉटमध्येही हलत राहतो. अशा क्लिपवर आवाज हळूहळू सरकतो. आधी हँडब्रेक किंवा शटर एन्कोडर या फाइल बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमधून त्यांचा रेट स्थिर करून घ्या. रिझॉल्व्हमध्ये प्रोजेक्टचा फ्रेम रेट फुटेज आत घेण्याआधी ठरवावा लागतो, नंतर बदलता येत नाही. पहिली क्लिप ओढली की सॉफ्टवेअर विचारतं, तेव्हा न वाचता 'ओके' करू नका.

लॅपटॉप साधा असेल तर प्रॉक्सी, म्हणजे एडिटपुरत्या हलक्या कॉपी, करा. मूळ फायली एच.२६५ (खूप दाबून लहान केलेला फॉरमॅट) असल्या तर त्या उलगडतानाच मशीन धापा टाकतं. प्रोरेस प्रॉक्सी किंवा डीएनएक्सएचआर एलबी हा फॉरमॅट, ७२० पिक्सेल उंचीचा, रात्री लावून झोपा. यात विचार करण्यासारखं फार काही नाही.

आवाज जुळवणं मात्र पहिला कट मारण्याआधीच संपवा. "सिंक नंतर बघू" म्हणणाऱ्याच्या टाइमलाइनवर शेवटी कॅमेऱ्याचा खरखरीत आवाजच राहून जातो. झूमचे बरेच रेकॉर्डर प्रत्येक टेकचं फोल्डर करतात, झूम०००१ असं. आत प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक असतो आणि एक एकत्रित एलआर (डावा-उजवा) ट्रॅक. ऐकायला एलआर ठीक आहे, पण क्लिपशी सगळे ट्रॅक जोडा, नाहीतर मिक्सिंगला बसलेला माणूस कॉलर माइक मागेल आणि तुम्ही शोधत बसाल. वेव्हफॉर्मवरून (आवाजाच्या आलेखावरून) आपोआप जुळणी होते, फक्त कॅमेऱ्यावर कामचलाऊ का होईना, आवाज रेकॉर्ड झालेला हवा. दगडी वाड्यात आवाज घुमतो, तिथे ही जुळणी कधीकधी चुकते. मग क्लॅपच्या दोन पट्ट्या ज्या फ्रेममध्ये टेकतात ती फ्रेम शोधायची आणि आवाजातलं टोक तिथे आणून ठेवायचं. शॉटच्या शेवटी क्लॅप उलटा धरलेला दिसला तर तो शेवटचा क्लॅप आहे, हे नव्या असिस्टंटला आधी सांगून ठेवा. रिकाम्या खोलीचा आवाज घेतला असेल तर त्याला वेगळा बिन, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं फोल्डर. त्याची किंमत फिल्म संपत आल्यावर कळते.

मग नावं. सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक क्लिपला सीन, शॉट, टेक असं नाव द्या: ०४_०२_०३. पुढचं शून्य विसरलात तर सीन १० हा सीन २ च्या आधी येऊन बसेल. बिन सीनप्रमाणे करा, शूटच्या दिवसाप्रमाणे नको. दिवस पहिला, दिवस दुसरा हा हिशोब जेवणाच्या बिलाला लागतो, गोष्टीला नाही. कंटिन्युइटी शीट (सेटवर केलेली टेकची नोंद) मागून घ्या, पण तिच्यावरचा 'ओके' आणि 'एनजी' (नो गुड) हा शेवटचा शब्द मानू नका. सेटवर एनजी झालेला टेक अनेकदा फोकस गेला म्हणून एनजी असतो, आणि फोकस जाण्याआधीचे चार सेकंद सोन्यासारखे असतात.

आणि आता सगळ्यात जास्त वेळ द्यायचं काम: बघणं. सगळं फुटेज, सीनच्या क्रमाने, एकदा, न थांबता आणि काहीही न कापता. शक्यतो दिग्दर्शकाशिवाय, कारण तो शेजारी असला की प्रत्येक शॉटमागे तो घ्यायला किती त्रास झाला ते सांगतो, आणि प्रेक्षकाला तो त्रास दिसणार नसतो. हातात वही ठेवा. माझ्या नोंदी साधारण अशा असतात:

"४/२, टेक १: संवाद नीट, पण पाठ केल्यासारखा. टेक २: डब्याचं झाकण पडलं, ती खरोखर दचकली. ठेवायचं. टेक ३: 'येताना दही आण' म्हणून नजर खाली, दाराकडे बघत नाही. सुंदर. शेवटी एसटीचा हॉर्न, वाक्यावर नाही, वाचेल."

बघा, यात 'चांगला' किंवा 'वाईट' एवढंच कुठे लिहिलेलं नाही. काय घडलं ते लिहिलंय. दिग्दर्शक ज्या शब्दांत मागणार, तेच शब्द नोंदीत हवेत. ही वही नंतर क्लिपच्या कॉमेंटच्या रकान्यात उतरवा. मग 'दार' किंवा 'झाकण' शोधलं की टेक समोर. हसू आलं, कंटाळा आला, तेही तिथल्या तिथे लिहा. दहाव्यांदा बघताना तुम्हाला काहीच वाटेनासं होतं, तेव्हा वहीतलं ते पहिल्या वेळचं वाटणंच खरं धरायचं.

कट सुरू करण्याआधी एक चाचणी घ्या. फिल्म माहीत असलेल्या कुणालाही सांगा, आठवेल तो कुठलाही क्षण माग. सापडायला अर्ध्या मिनिटाहून जास्त लागलं, तर त्या सीनच्या नोंदी पुन्हा करा.

रिझॉल्व्ह वापरत असाल तर एक गोष्ट राहते. त्याचा प्रोजेक्ट फुटेजच्या फोल्डरात नसतो, आतल्या डेटाबेसमध्ये असतो. हार्ड डिस्क जपली म्हणजे हे सगळं लावलेलं काम जपलं गेलं असं समजू नका. रोज काम संपवून उठण्याआधी प्रोजेक्ट एक्सपोर्ट करून दोन्ही डिस्कवर टाका, नावात तारीख घालून.