स्वतःच्या आवाजात लिहायचं तर आधी बोलून बघा

आत्या गेली तेव्हा तिच्यावर लिहायला बसले आणि पहिलंच वाक्य उतरलं, 'आत्या म्हणजे मायेचा अथांग सागर होती.' पुढे पानभर तसंच. वाचून पाहिलं तर त्यात आत्या कुठेच नव्हती. कुणाच्याही आत्याला चालला असता तो मजकूर. त्याच रात्री बहिणीशी फोनवर बोलताना मात्र मी म्हणाले, "अगं, दाराची कडी ती किती हळू लावायची! आणि मग दोनदा हलवून बघायची. आपण झोपलेल्या असायचो ना." फोन ठेवल्यावर लक्षात आलं, लिहायचं होतं ते हेच.

तेव्हापासून लिहिण्याआधी मी बोलते. तुम्हीही करून बघा. मोबाइलवर रेकॉर्डिंग लावा, ज्याच्याशी मोकळेपणाने बोलता अशा एकाच माणसाला हाक मारा आणि विषय त्याला सांगायला लागा. पाच मिनिटं पुरे. मग ऐकत ऐकत शब्द न शब्द हाताने उतरवून काढा, अडखळण्यासकट. काम किचकट आहे, पण टाळू नका. आपण कुठे थांबतो, कुठला शब्द पुन्हा पुन्हा घेतो, कुठे वाक्य अर्धवट सोडतो, हे उतरवतानाच कळतं.

ऐकताना पहिल्यांदा नकोसं वाटेल. बोलताना आपला आवाज आपल्याला हवेतून ऐकू येतो तसाच कवटीच्या हाडांतूनही येतो, आणि हाडांतून खर्जातले सूर जास्त पोचतात. रेकॉर्डिंगमध्ये ती भर नसते, म्हणून तो पातळ आणि परका वाटतो. इतरांच्या मात्र तोच ओळखीचा असतो. कागदावरची आपली साधी वाक्यंही सुरुवातीला अशीच उघडी पडल्यासारखी वाटतात, आणि मग आपण त्यांच्यावर 'अथांग' पांघरतो.

आता स्वतःचं जुनं लिखाण घ्या आणि प्रत्येक वाक्याला विचारा, हे मी तोंडाने म्हटलं असतं का? 'आजच्या धकाधकीच्या जीवनात', 'च्या माध्यमातून', 'मोलाचे योगदान', 'करण्यात आले'. अशांखाली पेन्सिलीने रेघ मारा. माझ्या एका पानावर अकरा रेघा निघाल्या होत्या. पण भारी शब्द दिसला की खोडलाच, असंही करू नका. माझे एक सर बोलतानासुद्धा 'वस्तुतः' म्हणायचे, त्यांच्या लिखाणात तो शोभायचा. शब्द साधा की अवघड यापेक्षा तो तुमच्या तोंडातला आहे का, ते बघा.

नक्कल करायलाही घाबरू नका. बेंजामिन फ्रँकलिनने तरुणपणी 'स्पेक्टेटर' या इंग्रजी नियतकालिकातले लेख घेऊन वाक्यावाक्याची त्रोटक टिपणं केली, काही दिवस बाजूला ठेवली, मग त्यांवरून लेख पुन्हा आपल्या शब्दांत लिहिले आणि मूळ लेखाशी ताडून पाहिले. तो स्वतःच्या चुका शोधत होता. मी हाच खेळ आवडत्या लेखिकेच्या उताऱ्यांवर करते आणि माझं कुठे वेगळं पडतं ते शोधते. ती थांबते तिथे मला पुढे जावंसं वाटतं, ती उपमा देते तिथे मला नुसती वस्तू दाखवावीशी वाटते. दहाएक उताऱ्यांत त्याच जागा परत परत आल्या, तेव्हा त्या माझ्या आहेत अशी खात्री पटली.

एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या आवाजात लिहायचं म्हणजे घरातलं सगळं चव्हाट्यावर आणायचं असं नाही. आत्या आणि बाबा कितीतरी वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. त्याचं कारण मी लिहिलं नाही, आणि त्यामुळे लेख खोटा झाला नाही. काय सांगायचं नाही हेही आपणच ठरवायचं.

लिहून झालं की मोठ्याने वाचा. फ्रेंच कादंबरीकार फ्लोबेर आपली वाक्यं अक्षरशः ओरडून म्हणत असे, तेवढी गरज नाही. जिथे जीभ अडखळते किंवा सूर भाषणासारखा चढतो, तिथे खूण करा आणि ती जागा पुन्हा बोलून बघा. शेवटी ज्याच्याशी बोलत होतात, त्याच माणसाला वाचून दाखवा.

मी बहिणीला वाचून दाखवलं. कडीच्या वाक्यापाशी तिने मला थांबवलं. म्हणाली, "दोनदा नाही गं, तीनदा हलवायची."


मी तीनदा केलं.