ईटीपीचा (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पाचा) गाळ बसेना, त्यावर केलेला उपाय

कुपवाड एमआयडीसी, स्टार्चचं सांडपाणी. क्लॅरिफायरवरून (गाळ खाली बसवायच्या टाकीवरून) गाळ वाहत होता. टीएसएस (पाण्यात तरंगणारे घन कण) प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रातल्या 100 मिग्रॅ/लिटरच्या वर. अर्ध्या तासाच्या एक लिटर सिलिंडर चाचणीत गाळ 900 मिली, एमएलएसएस (हवेच्या टाकीतल्या गाळाचं प्रमाण) 3500 मिग्रॅ/लिटर, म्हणजे एसव्हीआय (एक ग्रॅम गाळ बसल्यावर किती मिली जागा घेतो) 257. तो 150च्या आत हवा.

डीओ (पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन) 2 मिग्रॅ/लिटर होता, म्हणजे हवा सोडणारा ब्लोअर निर्दोष. गाळ गोळा करणारं पॉलिमर वाढवणं ही निव्वळ मलमपट्टी. अशा स्टार्चच्या पाण्यात नत्र-स्फुरद कमी पडतं आणि तंतुमय जिवाणू माजतात, म्हणून गाळ बसत नाही. बीओडी (जिवाणूंना कुजवता येणारा सेंद्रिय भार), नत्र, स्फुरद यांचं प्रमाण 100:5:1 धरलं. एअरेशनला (हवेच्या टाकीत) रोज 50 किलो बीओडी जातो. त्याला अडीच किलो डीएपी, साडेचार किलो युरिया. डीएपी आदल्या रात्री भिजवायचं, खडे लवकर विरघळत नाहीत. द्रावण दिवसभर बारीक धारेनं सोडायचं. एकदम ओतलं तर बाहेरच्या पाण्यात अमोनिया चढतो. गाळ सुधारायला दोन-तीन आठवडे लागतात, तोवर रोज एसव्हीआय लिहून ठेवायचा.