ख्रिस्ती कादंबरी कशी वाचावी: गोष्ट आधी, बोध नंतर

ख्रिस्ती कादंबऱ्या वाचायला सुरुवात करायचीय असं कोणी म्हटलं की लगेच सल्ले सुरू होतात. सकाळी मननाच्या वेळेला एक चॅप्टर वाचा, वही घेऊन बसा, प्रत्येक चॅप्टरखाली आजचा बोध लिहा, हायलाइटर जवळ ठेवा. असं सुरू केलेले खूप जण मला मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, भेटलेत, बहुतेकांची वही तिसऱ्या चॅप्टरला थांबते आणि पुस्तकही तिथेच राहतं, मग ते म्हणतात कादंबऱ्या आपल्याला जमत नाहीत. कादंबरी जमते हो, ती पद्धतच चुकीची आहे.

पुस्तक निवडताना एकच बघा, पुढे काय होणार याची उत्सुकता वाटते का. "आध्यात्मिक खोली" वगैरे नंतर. पहिल्यांदाच वाचणाऱ्याला मी 'बेन-हर' सांगते. १८८० चं पुस्तक आहे, लिहिणारे ल्यू वॉलेस अमेरिकन यादवी युद्धातले जनरल होते. आगगाडीत देव आहे की नाही हे कळूच शकत नाही असं मानणाऱ्या एका प्रसिद्ध अज्ञेयवाद्याशी बोलणं झालं आणि आपल्याला ख्रिस्ताबद्दल किती कमी माहीत आहे हे त्यांच्या लक्षात आलं, मग अभ्यास करून त्यांनी हे लिहिलं. एक सांगून ठेवते, पहिला भाग सगळा मागी, म्हणजे बाळ येशूला भेटायला आलेल्या ज्ञानी लोकांचा आणि बेथलेहेमचा आहे, नायक दुसऱ्या भागात येतो आणि ती रथांची शर्यत तर पाचव्या भागात. पहिल्या भागात "अजून काही घडतच नाहीये" म्हणून पुस्तक सोडू नका. इंग्रजी जड वाटलं तर पहिल्या वेळी संक्षिप्त आवृत्ती वाचा, त्यात कमीपणा काही नाही.

घरात सगळ्यांनी मिळून वाचायचं असेल तर चार्ल्स शेल्डन यांचं 'इन हिज स्टेप्स' घ्या, १८९६ चं. शेल्डन अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात टोपेकामध्ये पाळक (पास्टर) होते, ही गोष्ट त्यांनी रविवार संध्याकाळच्या उपासनेत चॅप्टर चॅप्टर करून वाचून दाखवली होती, त्यामुळे ती मोठ्याने वाचायला फार छान जाते. काम नसलेला एक माणूस भर उपासनेत उभा राहून बोलतो, मग काही दिवसांत मरतो आणि मंडळीतले काही लोक ठरवतात की वर्षभर कुठलीही गोष्ट करण्याआधी विचारायचं, येशू काय करेल. कॉपीराइटच्या नोंदणीत गडबड झाल्याने त्या काळी कितीतरी प्रकाशकांनी ते परस्पर छापलं, आज तर ते प्रोजेक्ट गुटेनबर्ग या जुन्या पुस्तकांच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. 'बेन-हर' पण तिथे आहे.

आणि मराठीत काही नाही असं कृपया म्हणू नका. बाबा पदमनजींचं 'यमुनापर्यटन' १८५७ चं आहे, मराठीतली पहिली कादंबरी म्हणून तिचं नाव घेतात आणि ती एका ख्रिस्ती माणसाने विधवांच्या हालांबद्दल लिहिलीय. यमुना नवऱ्याबरोबर प्रवास करते, वाटेत एकेका विधवेची कहाणी ऐकते आणि पुढे स्वतःच विधवा होते. भाषा जुनी आहे, मधेमधे उपदेश येतो, तरी लायब्ररीत विचारा आणि नक्की वाचा, आपल्या आज्या-पणज्यांचं जग आहे ते.

वेळ कुठलीही चालेल, फक्त रोजच्या मननाची वेळ कादंबरीला देऊ नका. ती पवित्र शास्त्राची आहे. ट्रेनमध्ये वाचा, रात्री झोपताना वाचा.

आता जी पायरी खरंच अवघड आहे ती. बोध न शोधता वाचणं. मला हे जमायला फार वेळ लागला, कारण लहानपणापासून संडे स्कूलमध्ये प्रत्येक गोष्टीच्या शेवटी "यातून आपण काय शिकलो" हे विचारलं जातं आणि ती सवय इतकी मुरते की पानावर कोणी रडत असलं तरी आपण त्याच्या रडण्याचा उपयोग काय हे शोधत असतो. अशा डोक्याने वाचलं की पात्रं माणसं राहत नाहीत, उदाहरणं होतात. वाईट माणूस आला की त्याच्यावर लगेच शिक्का, चांगला आला की हा आपल्यासारखा. आणि जी गोष्ट आपल्याला आधीच माहीत होती तेवढीच पुस्तकातून परत मिळते, नवीन काहीच नाही.

२ शमुवेलचा १२ वा अध्याय काढून बघा. दावीद राजाने केवढं पाप केलंय, दुसऱ्याची बायको घेऊन तिच्या नवऱ्याला मारवलंय, आणि नाथान संदेष्टा येऊन त्याला काय सांगतो तर गोष्ट. एक श्रीमंत, एक गरीब, गरिबाकडे एकच कोकरी, ती त्याच्या ताटातलं खाते, त्याच्या कुशीत झोपते, आणि श्रीमंताने तीच पाहुण्यासाठी कापली. दावीद भडकतो, त्या माणसाला मेलंच पाहिजे म्हणतो. तेव्हा नाथान म्हणतो तो माणूस तूच. आता विचार करा, दावीद जर सुरुवातीपासूनच "हा संदेष्टा मला काय शिकवायला आलाय" असं मनात धरून ऐकत असता तर कोकरी म्हणजे कोण हे त्याला दुसऱ्या वाक्याला कळलं असतं आणि त्याने स्वतःची बाजू मांडायला सुरुवात केली असती. तो गोष्टीत शिरला, त्या गरिबासाठी त्याचा जीव तुटला, म्हणून ती गोष्ट त्याच्यापर्यंत पोचली. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. आधी कोकरीसाठी रागवा.

हे प्रत्यक्षात कसं करायचं तर, पेन्सिल हातात नको, मोबाइल दुसऱ्या खोलीत, आणि स्वतःला एकच प्रश्न विचारायचा, आता हिचं काय होणार. मधेच "अरे हे तर माझ्याच घरातलं आहे" असं वाटलं तरी थांबू नका, पुढे वाचा, ते कुठे जात नाही. दोन दिवसांनी भाजी चिरताना ते आपोआप आठवतं आणि तेव्हा ते खरं असतं. पान संपायच्या आत बोध मिळाला असं वाटलं तर सहसा तो आपणच वरून चिकटवलेला असतो, याबाबतीत स्वतःवर फार विश्वास ठेवू नका.

चुकीचं वागणारी पात्रं, संशय घेणारे पाळक, उत्तर न मिळालेल्या प्रार्थना, हे आलं की काही जण पुस्तक बंद करतात, ख्रिस्ती पुस्तकात हे कशाला म्हणतात. मला हे अजिबात पटत नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात घर सोडून गेलेला धाकटा परत आला म्हणून आत मेजवानी चालू आहे, मोठा भाऊ बाहेर अंगणात रुसून उभा आहे आणि तो शेवटी आत गेला की नाही हे येशूने सांगितलंच नाही. तिथे आपण तक्रार करत नाही ना?

तरी एक इशारा देते, शुसाकु एन्दो यांची 'सायलेन्स' पहिली म्हणून घेऊ नका. १९६६ ची जपानी कादंबरी, सतराव्या शतकातल्या ख्रिस्ती लोकांच्या छळाची, जेझुइट या कॅथलिक संघाचे पोर्तुगीज फादर रॉड्रिग्ज लपूनछपून जपानात येतात आणि त्यांच्या डोळ्यांदेखत गावकऱ्यांना समुद्रात खांबांना बांधून भरतीच्या पाण्यात मरायला ठेवलं जातं, आणि देव गप्प. पुन्हा पुन्हा विश्वासघात करून पुन्हा पुन्हा पापांची कबुली द्यायला येणारा किचिजिरो पण यातच आहे, त्याचा इतका राग येतो आणि नंतर तोच मनातून जात नाही. मन आधीच खचलेलं असताना एकट्याने हे वाचू नका, घरात नुकतंच कोणी गेलं असेल तर अजिबात नाही. बाकी वेळी जरूर वाचा, पण सोबत कोणीतरी तेच वाचणारं असू दे आणि समुद्राच्या प्रसंगावर पुस्तक ठेवून देऊ नका, तिथे ठेवलं तर फक्त अंधार घेऊन झोपाल. त्या रात्री स्तोत्र ८८ वाचा. ते पण अंधारातच संपतं, शेवटी सांत्वनाची ओळ नाही, आणि तरी ते पवित्र शास्त्रात आहे. मला धीर नेहमी अशाच ठिकाणी मिळालाय, सगळं गोड होणाऱ्या पुस्तकांत तितका नाही.

पुस्तक संपलं की मग बायबलमधलं शुभवर्तमान, म्हणजे येशूच्या जीवनाचा वृत्तांत, उघडायचं. ही पायरी गाळू नका कारण चांगला लेखक इतकं खरं लिहितो की काय शास्त्रातलं आणि काय त्याच्या मनातलं हे आपण विसरतो. लॉइड डग्लस यांच्या १९४२ च्या 'द रोब' मध्ये ख्रिस्ताचा झगा जिंकणाऱ्या रोमी अधिकाऱ्याला नाव आहे, घर आहे, गुलाम आहे. योहान १९ मध्ये फक्त शिपाई आहेत, बिनशिवणीचा झगा आहे आणि चिठ्ठ्या. 'बेन-हर' मध्ये वधस्तंभावरच्या येशूला आंब (आंबट द्राक्षारस) पाजायला बेन-हर धावतो, मत्तय २७:४८ मध्ये धावणाऱ्याचं नाव नाही. आणि रोम सोडून निघालेल्या पेत्राला रस्त्यात प्रभू भेटतो हा 'क्वो व्हादिस' या कादंबरीतला प्रसंग तर कितीतरी जण बायबलमधलाच समजतात, तो 'पेत्राची कृत्ये' नावाच्या जुन्या ग्रंथातून आलाय, नव्या करारात नाही. लेखकाने कल्पना केली यात काही वाईट नाही, ती कल्पना आहे हे आपल्याला माहीत हवं इतकंच. तेवढा अध्याय शांतपणे वाचा. कादंबरीनंतर वाचलेला योहान १९ मला तरी पहिल्यापेक्षा जास्त जवळचा वाटतो, त्या चिठ्ठ्या टाकणाऱ्या हातांकडे मी आधी कधी नीट बघितलंच नव्हतं.

वही आवडत असेल तर ती आत्ता काढा. तीन-चार ओळी पुरे, कुठल्या प्रसंगाला जीव अडकला आणि त्यावरून काय प्रार्थना करावीशी वाटली.

मंडळीत चार-पाच जणांचा ग्रुप करणार असाल तर सगळ्यांचं पुस्तक वाचून झाल्यावरच भेटा, व्हॉट्सॲपवर रोज एकेक चॅप्टरची चर्चा केली की कोणीतरी शेवट फोडतंच. पहिला प्रश्न "काय शिकलो" नको, "कुणाचा राग आला" असा ठेवा, मग बघा गप्प बसणाऱ्या मावशी पण कशा बोलतात. इंग्रजी न वाचणारे असतील तर एकाने वाचून मराठीत गोष्ट सांगावी, सावकाश, एका बैठकीत एकच प्रसंग. आणि कोणाला पुस्तक देताना "हे तुझ्यासाठीच आहे, वाच" असं म्हणू नका, समोरचा लगेच सावध होतो. मला आवडलं, तू पण बघ, एवढंच म्हणून हातात द्या.