जुन्या शहरातून हाफ मॅरेथॉन न्यायची तर आधी कमान मोजा

महामार्गावरच्या शर्यतीत आधी अंतर ठरतं आणि मग धावपटूंची संख्या. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या शहरात ही रीत चालत नाही. इथे सगळ्यात आधी वाटेतली सगळ्यात अरुंद कमान मोजायची. किती जणांना घ्यायचं, किती वाजता सोडायचं, सुरुवात कुठून करायची, हे सगळं तिच्यावरून ठरतं. मलिक अंबरने १६१० साली खडकी, म्हणजे आजचं हे शहर, वसवलं आणि १६१२ साली भडकल दरवाजा उभारला. ही वेस, या गल्ल्या पायी, घोड्यावर आणि बैलगाडीने येणाऱ्यांच्या मापाच्या आहेत. दरवर्षी याच वाटेने शर्यत न्यायची असेल तर ते माप मान्य करूनच न्यावी लागते.

शहरातले दरवाजे दोन प्रकारचे धरा. पैठण गेट, भडकल गेट आणि दिल्ली गेट यांच्या बाजूने रस्ता जातो, त्यामुळे तिथे कमानीतून जायची सक्ती नाही. मकई गेट, महमूद दरवाजा आणि बारापुल्ला हे खाम नदीच्या पुलाला लागून आहेत आणि तिथे वाट कमानीतून जाते. खरी अडचण या दुसऱ्या प्रकारात. कमानीची रुंदी जमिनीलगत मोजू नका, छातीच्या उंचीवर मोजा, आणि दोन्ही बाजूंनी अर्धा-अर्धा मीटर वजा करा, कारण भिंतीला घासून कुणी धावत नाही. समजा मोकळी रुंदी ४ मीटर भरली, तर कामाची ३ मीटर. एका मीटरमधून मिनिटाला ५० जण धरले तर कमानीतून मिनिटाला १५० जण सुखरूप जातात.

आता हा आकडा धावपटूंच्या रांगेशी ताडून पाहा. ५०० जणांची एक तुकडी सोडली आणि कमान पहिल्याच किलोमीटरला आली, तर मिनिटाला किती जण येतील? पाच मिनिटांत किलोमीटर करणारा आणि नऊ मिनिटांत करणारा यांच्यात तिथे जेमतेम चार मिनिटांचं अंतर पडलेलं असतं. म्हणजे सरासरीच मिनिटाला सव्वाशे, आणि ऐन गर्दीत दोनशेच्या वर. कमान तुंबणार, मागचे ढकलणार आणि कुणीतरी पडणार. तीच कमान आठव्या किलोमीटरला ठेवली तर पाच-पाच मिनिटांनी सोडलेल्या तीन तुकड्यांचे मिळून १५०० धावपटू सुमारे ५४ मिनिटांत पसरलेले असतात. सरासरी मिनिटाला २८. गर्दीच्या मिनिटांत त्याच्या अडीचपट धरले तरी ७०. कमान मोकळी राहते. दरवाज्यासमोर रंगीत धूर आणि ढोल-ताशात शर्यत सुरू करण्याचा मोह म्हणूनच टाळायला हवा. फोटो सुंदर येतो, पण चेंगराचेंगरीची जागाही तीच होते.

यावरून वाट अशी बसते. गारखेड्याच्या विभागीय क्रीडा संकुलापासून सुरुवात, तिथून क्रांती चौक. पैठण गेटला पोचेपर्यंत चारेक किलोमीटर होतात आणि रांग लांबते. मग गुलमंडी, सिटी चौक, जुना बाजार, भडकल गेट, घाटी हे सरकारी रुग्णालय आणि साडेसात-आठ किलोमीटरच्या सुमाराला मकई गेट. पुढे बीबी का मकबरा आणि विद्यापीठ. परत येताना मकई गेटने यायचं नाही. पाणचक्कीजवळच्या महमूद दरवाज्याने मिल कॉर्नर, मध्यवर्ती बसस्थानक, समर्थनगर, क्रांती चौक आणि संकुल. एका कमानीतून दोन्ही दिशांची माणसं कधीच न्यायची नाहीत, हा एकच नियम पाळला तरी निम्मे अपघात टळतात. २१.०९७५ किलोमीटरला जे अंतर कमी पडेल ते विद्यापीठाच्या आवारात फेरी वाढवून भरून काढा; जुन्या शहरात फेरी वाढवू नका. पूर्ण ४२.१९५ किलोमीटरचा हट्टही आमच्या मते सोडावा. त्यासाठी एक तर अंधारात सुरुवात करावी लागते किंवा गुलमंडी-सिटी चौक दुकानं उघडण्याच्या वेळेपर्यंत बंद ठेवावा लागतो. दोन्ही परवडत नाही.

तारीख ठरवताना थंडी बघाच, पण जानेवारीच्या मध्याचा रविवार टाळा. संक्रांतीच्या आसपास तारांना आणि झाडांना लोंबणारा मांजा धावणाऱ्याच्या गळ्याशी येतो, आणि १४ जानेवारीला नामविस्तार दिनामुळे विद्यापीठाच्या प्रवेशद्वारापाशी मोठा जनसमुदाय असतो. डिसेंबरचा उत्तरार्ध किंवा जानेवारीचा शेवट बरा. स्पर्धा परीक्षा बहुधा रविवारीच असतात आणि जुन्या शहरातल्या शाळा केंद्रं असतात, तेव्हा परीक्षांचं वेळापत्रक पाहिल्याशिवाय पोलिसांकडे अर्ज करू नका.

वेळ साडेसहाची घ्या. या दिवसांत सूर्य सातच्या आसपास उगवतो. सहाला सोडलं तर पुढचे धावपटू अंधारातच कमानीत शिरतात. साडेसहाला सोडलं तर साडेतीन मिनिटांत किलोमीटर करणारा मकई गेटला ६:५८ला पोचतो. तरीही कमानीच्या आत बॅटरीवरचा दिवा लावा. बाहेर उजाडलं तरी आत अंधार असतो आणि डोळे सरावेपर्यंत पाय खड्ड्यात जातो. दुसरं कारण ध्वनिक्षेपकाचं. रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत तो कायद्यानेच बंद असतो. सहानंतर संकुलात सूचना देता येतात, पण घाटीच्या १०० मीटर परिसरात नाही, कारण रुग्णालयाभोवती शांतता क्षेत्र असतं. तिथे ढोल, शिट्ट्या, गाणी काही नको. घाटीसमोर रस्त्याची एक बाजू रुग्णवाहिकांसाठी पूर्ण मोकळी ठेवायची, बॅरिकेडही त्या बाजूला टाकायचं नाही.

प्रत्येक टप्प्याचं रस्ता बंद-चालूचं वेळापत्रक गणितानेच काढा. पहिला धावपटू साडेतीन मिनिटांच्या वेगाने, शेवटचा नऊ मिनिटांच्या वेगाने, आणि शेवटची तुकडी दहा मिनिटं उशिरा. पाचव्या किलोमीटरला पहिला ६:४७ला, शेवटचा ७:२५ला. आठव्याला ६:५८ आणि ७:५२. शेवटचा धावपटू संकुलात ९:५०पर्यंत. गल्लीला सांगायचं ते हेच: "तुमच्यासमोरचा रस्ता ६:३५ ते ७:३० बंद." सकाळी ६ ते १० बंद अशी सरसकट पत्रकं वाटली की माणसं चिडतात आणि साडेसातला मोटारसायकल घालतात.

पत्रक मराठी आणि उर्दू दोन्हीत छापा. पंधरा दिवस आधी एकदा आणि आदल्या शुक्रवारी-शनिवारी पुन्हा, घरोघर. नुसती पत्रकं पुरत नाहीत. मोहल्ल्यातले जाणते, मशिदीचे आणि मंदिराचे विश्वस्त, दूधवाले, औरंगपुऱ्यातले भाजीवाले, पहाटे नहारीची गिऱ्हाइकं सांभाळणारे हॉटेलवाले यांना भेटून त्यांच्या अडचणी विचारा. दुधाची गाडी कुठून येते, जनाजा किंवा आजारी माणूस न्यायचा झाला तर कुठली वाट, हे त्यांनाच ठाऊक असतं. अंत्ययात्रा आली तर शर्यत थांबेल, हे प्रत्येक स्वयंसेवकाला आधीच सांगून ठेवा.

स्वयंसेवकांची संख्या किलोमीटरवर काढू नका, गल्ल्यांच्या तोंडांवर काढा. वाट पायी चालून प्रत्येक तोंड वहीत लिहा. प्रत्येक तोंडाला एक माणूस, चौकाला पोलिसांशिवाय किमान चार. माणूस शक्यतो त्याच गल्लीतला असावा. बाहेरच्याचं "रुको" कुणी ऐकत नाही, "चाचा, दस मिनट" मात्र ऐकतात. गल्लीच्या तोंडाला दोरी कधीही बांधू नका. पहाटे दुचाकीवाल्याला ती दिसत नाही आणि मानेला बसते. चमकणाऱ्या पट्टीचे शंकू किंवा बॅरिकेड वापरा. मोकाट कुत्री आदल्या रात्रीच्या कचऱ्याभोवती जमतात, म्हणून शनिवारी रात्री कचरा उचलून घेण्याचं महापालिकेशी ठरवा आणि पुढच्या धावपटूच्या आधी एक मोटारसायकल सावकाश जाऊ द्या.

दरवाजे वारसा आहेत आणि शर्यत त्यांच्यासाठीच इथून जाते. त्यामुळे कमानीला खिळा, दोर, फ्लेक्स, चिकटपट्टी काहीही नको. फलक लावायचाच तर स्वतःच्या पायावर उभी राहणारी चौकट, दगडापासून लांब. मकबऱ्याच्या परिसरात कुठलीही रचना उभारण्याआधी पुरातत्त्व विभागाचं लेखी उत्तर हातात हवं.

अंतर मोजण्याचं काम सगळ्यात जास्त बिघडतं. उंच इमारतींच्या अरुंद बोळात जीपीएस घड्याळाचा सिग्नल भिंतींवरून परावर्तित होतो आणि घड्याळ चुकतं. त्यावर अंतर ठरवू नका. मान्य पद्धत सायकलची आहे. पुढच्या चाकाला जोन्स काउंटर, म्हणजे चाकाचे फेरे आकड्यांत मोजणारं यंत्र, लावायचा. पोलादी टेपने निदान ३०० मीटरचा सरळ पट्टा दोनदा मोजून आखायचा. मोजणीआधी चार आणि मोजणीनंतर चार फेऱ्या त्या पट्ट्यावर मारून किलोमीटरला किती आकडे पडतात ते काढायचं. त्या आकड्याला १.००१ने गुणायचं, म्हणजे किलोमीटरमागे एक मीटर जास्त धरला जातो आणि वाट कमी भरण्याची भीती राहत नाही. नंतरच्या फेऱ्या चुकवू नका, कारण ऊन चढलं की टायर फुगतो आणि आकडे बदलतात. सायकल धावपटूच्या सगळ्यात जवळच्या रेषेने न्यायची, वळणावर कठड्यापासून ३० सेंटिमीटरवर. हे काम रविवारी पहाटे, मागे पोलिसांची गाडी ठेवून करा.

मोजलेली वाट आणि शर्यतीच्या दिवशीची वाट एकच राहावी लागते. परतीच्या वळणाचा शंकू अंदाजाने दहा मीटर अलीकडे ठेवला की जाऊन-येऊन वीस मीटर कमी होतात, आणि मग कुणाचीही वेळ ग्राह्य धरता येत नाही. म्हणून वळणाच्या जागी डांबरात खिळा ठोका, जवळच्या विजेच्या खांबाचा क्रमांक आणि त्यापासूनचं अंतर लिहा, फोटो काढा. विद्यापीठातल्या वळणावर आणि मकई गेटच्या पलीकडे वेळ नोंदवणारी मॅट टाका. बोळाबोळांनी आखूड वाट काढणारे तिथे सापडतात. चिपचा बिल्ला छातीवर, चार पिनांनी, जॅकेटच्या वरून लावायला सांगा. थंडीत तो जॅकेटखाली झाकला की वेळ नोंदली न जाण्याचा धोका असतो.

पाण्याची व्यवस्था नळावर ठेवू नका. जायकवाडीतून येणारं पाणी या शहरात अनेक दिवसांच्या गॅपने मिळतं. उलट शर्यतीच्या सकाळी कुठल्या भागात नळाला पाणी येणार आहे ते आधी विचारून घ्या. त्या सकाळी मोटारी चालू असतात, पाइप रस्ता ओलांडून टाकलेले असतात, अंगणं धुतली जातात आणि गुळगुळीत फरशीवर, गट्टूंवर धावपटू घसरतो. पाइपची अडचण सक्तीने सुटत नाही. त्या घरांना अर्धा तास मोटार थांबवायची विनंती करा, आणि ते जमत नसेल तर पाइपवर रबरी चटई टाका.

दर अडीच किलोमीटरला पाणी द्यायचं म्हटलं तर आठ ठिकाणं होतात. १५०० जण, प्रत्येकी १५० मिली, म्हणजे २२५ लिटर. सांडण्याचे वीस टक्के धरून २७०. वीस लिटरचे १४ जार एका ठिकाणी. कागदी पेले माणशी दीड, म्हणजे २२५०. अर्धाच भरायचा, नाहीतर निम्मं पाणी अंगावर जातं. ओआरएसचं एक मोठं पाकीट एक लिटरला, म्हणजे एका जारला २० पाकिटं, मोजूनच. "जरा कडक करू" म्हणून पाणी कमी घातलं की पोटात मुरडा येतो आणि उलटी होते. तहान नसताना पाणी पाजण्याचा आग्रहही नको. जास्त पाण्याने रक्तातलं सोडियम उतरतं आणि हळू धावणाऱ्यांना तो धोका जास्त असतो. दहाव्या किलोमीटरनंतर अर्धी केळी, शेंगदाण्याची चिक्की आणि जालन्याच्या मोसंबीच्या फोडी ठेवा. सालं आणि पेले टाकायची पिंपं टेबलापाशी एक आणि पुढे ५० व १०० मीटरवर ठेवा, कारण माणूस खात-पीत पुढे जातो आणि तिथे टाकतो. टेबल कमानीपासून निदान २०० मीटर लांब हवं.

रुग्णवाहिका गुलमंडीच्या गर्दीत शिरेपर्यंत उशीर होतो. त्या जुन्या शहराच्या दोन्ही टोकांना उभ्या करा, आणि आत मोटारसायकलवर प्रशिक्षित माणूस व एईडी (हृदय बंद पडल्यास विजेचा झटका देणारं) यंत्र घेऊन दोन जोड्या फिरत्या ठेवा. कुठल्याही जागी चार-पाच मिनिटांत पोचता येतं का, ते आदल्या रविवारी त्याच वेळी चालवून तपासा. शेवटच्या किलोमीटरवर एक डॉक्टर हवाच. शेवटची धाव काढताना कोसळणारे तिथेच जास्त. नऊनंतर ऊन लागतं, तेव्हा संकुलात सावली आणि थंड पाण्याने भिजवलेली फडकी तयार असू द्या.

आदल्या दिवशी वाट दोनदा बघा, दुपारी आणि रात्री. उघडी चेंबरची झाकणं, नव्याने खणलेला रस्ता, लोंबणाऱ्या केबल, गतिरोधक. झाकणं आणि गतिरोधक पांढऱ्या चुन्याने आखा, तारांसाठी महावितरणच्या माणसाला सोबत घ्या. जिथे रस्ता खणून वाट सरकवावी लागेल तिथे तो तुकडा पुन्हा सायकलने मोजा.

शेवटच्या धावपटूच्या मागे सफाईची गाडी आणि आठ-दहा जण चालत यावेत. त्यांचा वेग हाच रस्ता उघडण्याचा वेग: गाडी गल्लीचं तोंड ओलांडून गेली की तिथलं बॅरिकेड काढायचं. दहा वाजता सराफ्यातल्या दुकानांची शटर वर जातात, तोवर रस्त्यावर एक पेलाही दिसता कामा नये. त्याच आठवड्यात खांबांचे क्रमांक, खिळ्यांचे फोटो, गल्ल्यांची वही, पाण्याचे उरलेले जार आणि कुठल्या चौकात किती वाजता काय अडलं, हे एका फायलीत लावा आणि एक प्रत वाहतूक शाखेला द्या. पुढच्या वर्षी अर्ज करताना तीच जोडायची.