घरात दुसरं मांजर आणताय? या चुका टाळा

रेस्क्यू केलेलं मांजर जरा जेवायला लागलं, कॉटखालनं बाहेर यायला लागलं की घरात कुणीतरी म्हणतंच, एकटं आहे वो बिचारं, सोबतीला अजून एक आणूया की. आणि मग खोक्यातनं पिल्लू येतं, थेट सोप्यात सोडलं जातं आणि घरभर फिस्कारणं सुरू. सगळ्यात मोठी चूक ही घाईच. पहिलीला अजून हे घर आपलं वाटलेलं नसतं, त्यात तिच्या जागेवर दुसरं कोणतरी. ती उघड्यावर अंग पसरून झोपायला लागू दे, खुर्चीच्या पायांना गाल घासायला लागू दे, मग बघा. काहींना आठवडे लागतात, काहींना महिने, आणि ते तिनंच ठरवायचं.

नवीन मांजर डॉक्टरला न दाखवता आणू नका. पॅनल्यूकोपेनिया म्हणजे मांजरांचा जीवघेणा जुलाब-उलट्यांचा आजार, त्याचा विषाणू घरात वर्षभरसुद्धा टिकू शकतो आणि पिल्लं त्यात पटकन जातात. त्याची आणि हर्पीस, कॅलिसी या सर्दी-तापाच्या विषाणूंची लस एकाच इंजेक्शनात मिळते, ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होते, रेबीजची साधारण ३ महिन्यांनंतर. एफआयव्ही आणि ल्युकेमिया, म्हणजे मांजराची प्रतिकारशक्ती मोडणाऱ्या दोन विषाणूंची टेस्टपण विचारून घ्या. पहिले दोन आठवडे नव्याला वेगळंच ठेवायचं. पेठेतल्या दोन खोल्यांच्या घरात वेगळी खोली कुठनं आणायची म्हणाल तर जाळी मारलेली गॅलरी चालते, नाहीतर मोठा पिंजरा, वर चादर आणि आत लपायला खोकं. पावसाळ्यात मात्र अंथरूण ओलं राहू देऊ नका, आपल्याकडं जुलैत काहीच वाळत नाही.

दोघांना उचलून तोंडासमोर तोंड धरणं तर अजिबात नको. मांजराची ओळख वासानं होते. एक मऊ फडकं नव्याच्या गालावरनं फिरवा आणि पहिलीच्या वाटीपासून जरा लांब ठेवा. ती हुंगून फिस्कारली तर फडकं अजून लांब, शांतपणे जेवली तर उद्या थोडं जवळ. मग बंद दाराच्या दोन्ही बाजूला वाट्या, त्यापण अशाच हळूहळू जवळ. दाराखालनं पंजे घालून खेळायला लागली की दार बोटभर उघडा, मग जाळीतनं बघू दे, आणि एकत्र सोडायचं ते सगळ्यात शेवटी, तेपण थोडा वेळ आणि आपण तिथंच बसून.

फिस्कारलं म्हणून ओरडू नका, ती फक्त लांब राहा म्हणतीय. टक लावून बघणं, लिटरच्या, म्हणजे शी-शूच्या ट्रेच्या वाटेत आडवं बसणं, दुसरी लपेपर्यंत पाठलाग, हे दिसलं तर परत दार बंद आणि एक पायरी मागं. झटापट झालीच तर हात घालू नका, मध्ये उशी नाहीतर पुठ्ठा सरकवा. चावलंच तर साबण आणि वाहत्या पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि लगेच कोल्हापुरात सीपीआरला, म्हणजे सरकारी दवाखान्यात, नाहीतर जवळच्या दवाखान्यात जावा.

चांगलं जमलेलं अचानक बिघडलं तर आधी खिडकीतनं परड्यात बघा. बाहेर एखादा बोका येऊन बसत असेल तर त्याचा राग आतल्या दोघी एकमेकींवर काढतात. खिडकीच्या खालच्या काचेला कागद चिकटवला की बऱ्याचदा फरक पडतो.

लिटर बॉक्स दोघांना तीन पाहिजेत, तेपण वेगवेगळ्या ठिकाणी, ओळीनं मांडले तर एकच मांजर सगळे अडवून बसतं. लाड म्हणून दूध देऊ नका, मोठ्या मांजरांना बहुतेक पचत नाही. पांढऱ्या रश्श्यातलं मटण तर नकोच, कांदा-लसूण त्यांना विषारी. साधं उकडलेलं चिकन द्या.

नसबंदीचं ऑपरेशन लांबवू नका. मांजरी ४ महिन्यांची असतानाही गाभण राहू शकते, आणि बोक्याचं ऑपरेशन झाल्यावरही काही आठवडे त्याला तिच्यापासून लांबच ठेवा.

आणि एखादी दिवसभर काहीच खात नसेल तर रुसलीय म्हणून वाट बघू नका, मांजर उपाशी राहिलं की लिव्हरवर येतं. बोका लिटरमध्ये कुंथतोय आणि लघवी होत नाही असं दिसलं तर रात्र असली तरी त्याच वेळी डॉक्टर गाठा.